प्रश्न तुमचे, डाख माझा : व्हॉल्व्हचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर

मागच्या अंकात घरी बांधायच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा एक आराखडा दिला होता. दर बाजूला एक १२एयू७ (एका काचेत दोन व्हॉल्व्ह असलेली जोडव्हॉल्व्ह), तिचा पहिला अर्धा भाग आवाज वाढवणारा, दुसरा अर्धा भाग कॅथोड फॉलोअर, म्हणजे आवाज न वाढवता हेडफोनला करंट पुरवणारा, आणि वर १८० व्होल्टची एचटी, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणारा उंच व्होल्टेजचा डीसी पुरवठा. त्यावर आलेली पत्रं टेबलावर मावेनात. निम्म्या पत्रांत एकच तक्रार आहे, तिला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

एका वाचकाने विचारलंय, की मी सारखं ‘व्हॉल्व्ह’ का म्हणते, ‘ट्यूब’ का नाही? सवय, दुसरं काही नाही. वडील रेडिओ दुरुस्त करायचे आणि मी त्यांच्या टेबलाखाली बसून कथलाचे थेंब गोळा करायचे. टेबलावरून जे शब्द खाली पडले ते तोंडात बसले. कपॅसिटरला कंडेन्सर म्हणते तेही त्यामुळेच. पाठ्यपुस्तकातली निर्वात नलिका मात्र माझ्या तोंडून कधी निघाली नाही.

‘ताई, आराखडा जसाच्या तसा बांधला. मित्राचा ३०० ओहमचा हेडफोन लावला तर सुंदर वाजतो. माझा ३२ ओहमचा लावला की आवाज दबतो, आणि व्हॉल्यूम वाढवला की बासचा ठोका फाटतो. बाहेरचा १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून ४७० चा लावला, तरी तेच. कंडेन्सर नकली असेल का?’ – ठोक्याचा भुकेला

कंडेन्सर बिचारा खरा आहे. चूक असलीच तर माझी. हा आराखडा २५० ओहमच्या वरच्या हेडफोनसाठी आहे हे मी आकृतीखाली बारीक अक्षरात लिहिलं, ते आकृतीच्या डोक्यावर लिहायला हवं होतं.

काय होतंय ते बघा. फॉलोअरमधून स्वस्थ असताना ६ मिलिअँपिअर वाहतात. कॅथोडवर ९६ व्होल्ट आणि खाली १६ किलोओहमचा रेझिस्टर, भागाकार करून पाहा. आता हेडफोनला करंट दोन्ही दिशांनी हवा असतो. वरच्या दिशेने व्हॉल्व्ह जास्त करंट देऊ शकते, पण खालच्या दिशेने तिच्याजवळ सोडून देण्यासारखं फक्त तेवढंच असतं, जेवढं आधी वाहत होतं. म्हणजे ६ मिलिअँपिअर. तेवढा संपला की व्हॉल्व्ह बंद पडते आणि लाट खालून सपाट होते. ‘फाटतो’ म्हणता ते हेच. बासचे ठोके गाण्यातल्या सगळ्यात मोठ्या लाटा, म्हणून कात्री आधी त्यांच्यावर चालते.

हेच ६ मिलिअँपिअर ३०० ओहममध्ये जास्तीत जास्त ५.४ मिलिवॉट देतात. ३२ ओहममध्ये ०.५८. नऊपटीहून जास्त फरक, आणि व्हॉल्व्ह तीच, करंट तोच. कमी ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज कमी लागतं आणि करंट जास्त. व्हॉल्व्हचा स्वभाव नेमका उलटा, व्होल्टेज मागाल तेवढं घ्या, करंट मागू नका.

दबलेल्या आवाजाचं कारण वेगळं. या फॉलोअरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या आतलाच अडथळा, ५०० ओहमच्या आसपास आहे. ५०० आणि ३२ एकापुढे एक जोडले, तर सिग्नलचा सोळावा-सतरावा हिस्सा हेडफोनच्या वाट्याला येतो, बाकीचा व्हॉल्व्हच्या पोटातच राहतो. ३०० ओहमवाल्याला तीन अष्टमांश तरी मिळतो. अ‍ॅम्प्लिफायरचा इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा असा एक ठोकताळा आहे. या आराखड्यात तो ३०० ओहमलाही पाळला जात नाही. तरी गोड वाजतो, कारण तशा बऱ्याच हेडफोनांचा इम्पिडन्स बासच्या पट्ट्यात चढतो आणि त्यांना तिथे थोडं जास्तच मिळतं. ज्याला लोक ‘व्हॉल्व्हची ऊब’ म्हणतात, तिच्यातला बराचसा भाग हा असतो. मला ती ऊब आवडते. पण ती कुठून येते हे ठाऊक असलेलं बरं.

कंडेन्सर बदलून फरक का पडला नाही? बरेच जण हिशेबात फक्त हेडफोनचे ओहम घालतात. १० मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम धरले तर खालची हद्द, म्हणजे जिच्याखालचे सूर दबत जातात ती, ५०० हर्ट्‌झच्या जवळ येते आणि माणूस घाबरतो. पण कंडेन्सरला दोन्हीकडचे ओहम दिसतात. ५०० अधिक ३२, म्हणजे हद्द ३० हर्ट्‌झ. ती आधीच ठीक होती. तुम्ही दार मोठं केलंत, पण आत माणसंच नव्हती.

आता उपाय. हेडफोन बदला म्हणणं सोपं आहे, पण ते उत्तर नव्हे. तुमच्यासाठी मी फॉलोअरचं काम आयआरएफ५१० सारख्या मॉस्फेटकडे, म्हणजे भरपूर करंट देणाऱ्या ट्रान्झिस्टरकडे, देईन. पहिला अर्धा भाग तसाच ठेवायचा, त्याच्या प्लेटवरून (सिग्नल बाहेर येतो ते टोक) कंडेन्सर घेऊन मॉस्फेटच्या गेटला (इनपुटच्या पायाला) सिग्नल द्यायचा, आणि मॉस्फेटला २४ व्होल्टचा वेगळा पुरवठा. त्यातून २०० मिलिअँपिअर वाहू द्या. सोर्स, म्हणजे आउटपुटचा पाय, १२ व्होल्टच्या आसपास बसवला तर दर मॉस्फेटमध्ये अडीच वॉटच्या आसपास उष्णता होईल. हीटसिंक हवाच, बोट टेकवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत. गेटच्या पायाला अगदी चिकटून २२० ओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर मॉस्फेट रेडिओच्या फ्रीक्वेन्सीवर स्वतःच गाऊ लागते आणि तुम्हाला फक्त ती कारण नसताना तापलेली दिसते. इथे मात्र बाहेरचा कंडेन्सर ४७० मायक्रोफॅरड हवाच, कारण मॉस्फेटचा इम्पिडन्स काही ओहमच असतो आणि आता हिशेब खरोखर ३२ ओहमचाच राहतो : हद्द साडेदहा हर्ट्‌झ. म्हणजे तुम्ही आणलेला कंडेन्सर वाया नाही.

जॅकवर, कंडेन्सरच्या बाहेरच्या बाजूने, दर चॅनेलला २.२ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडा. तो नसेल तर कंडेन्सर हेडफोनमधून चार्ज होतो आणि प्लग घालताच कानात धाड्‌कन आवाज येतो. आणि पहिल्या वेळी हेडफोन जोडण्याआधी जॅकवर मीटर लावून डीसी बघा. मिनिटभरात काही मिलिव्होल्टवर आला नाही, तर कंडेन्सर गळतोय किंवा उलटा लागलाय.

तिसरी वाट आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. ५ किलोओहमचे ३२ ओहम करायला वेढ्यांचं गुणोत्तर साडेबारास एक लागतं. सगळ्यात देखणी वाट, सगळ्यात जड, आणि चांगला ट्रान्सफॉर्मर बाकी सगळ्या सामानापेक्षा महाग पडतो.

‘१२एयू७ काढून १२एएक्स७ लावली. पिना जुळतात, हीटर पेटतो, पण आवाज चिरका येतो. आता ईसीसी८८ मागवली आहे. ती लावू का?’ – अदलाबदली

थांबा. पाकीट आलं असेल तर बंदच ठेवा.

आधी १२एएक्स७. तिचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, १२एयू७ चा १७ ते २०. पाचपट मोठा आकडा बघून हात शिवशिवतात. पण आपल्या आराखड्यात प्लेट आणि पुढच्या ग्रिडच्या (सिग्नल आत जातो ते टोक) मध्ये कंडेन्सर नाही, तार सरळ जोडलेली आहे. १२एयू७ असताना कॅथोडवर २.६ व्होल्ट, ६८० ओहममधून ३.८ मिलिअँपिअर, २२ किलोओहमवर ८४ व्होल्ट पडतात आणि प्लेटवर ९६ उरतात. तेच ९६ फॉलोअरला जागेवर बसवतात. १२एएक्स७ याच्या निम्माही करंट घेत नाही, त्यामुळे प्लेट ९६ सोडून खूप वर चढते. फॉलोअरचा कॅथोड तिच्या मागे वर जाऊ बघतो, आणि त्याला काम करायला १८० पर्यंतचे जेमतेम काही व्होल्ट उरतात. त्यात खाली १६ किलोओहम त्याच्याकडून ६ मिलिअँपिअरहून जास्त मागतोय, जे १२एएक्स७ ला त्या व्होल्टेजवर झेपणारच नाही. म्हणून चिरका. मीटर घेऊन दोन्ही व्हॉल्व्ह लावून पिन १ वर मोजा, मी सांगण्यापेक्षा ते जास्त पटेल.

आणि एवढा आवाज वाढवून करणार काय? हेडफोनसाठी आठ-नऊ पट गेन हाच पुष्कळ आहे. ज्यांच्या व्हॉल्यूमचा खटका नऊच्या काट्यापलीकडे जात नाही, त्यांना गेन कमी हवा असतो, जास्त नाही.

ईसीसी८८, म्हणजेच ६डीजे८, हिचं प्रकरण वेगळं. ती १२एयू७ च्या जागी लावायचीच नाही. सॉकेट सारखं, प्लेट-ग्रिड-कॅथोडच्या पिना सारख्या, आणि म्हणूनच धोका. १२एयू७ च्या हीटरचे (कॅथोड तापवणाऱ्या तारेचे) दोन तुकडे असतात : ४ आणि ५ वर टोकं, ९ वर मधला जोड. ईसीसी८८ चा हीटर एकच, ४ आणि ५ मध्ये, ६.३ व्होल्टचा, आणि ९ वर आतला पडदा. तुम्ही सॉकेट १२.६ व्होल्टवर जोडलं असेल तर तिला दुप्पट व्होल्टेज मिळेल आणि हीटर एकदाच झगमगून संपेल. ६.३ वर जोडलं असेल तर ४ आणि ५ एकाच तारेला आहेत, त्यामुळे ती पेटणारच नाही. शिवाय तिच्या प्लेटची मर्यादा १३० व्होल्ट.

युरोपीय नावं वाचायला शिका, खूप गोष्टी कळतात. पहिला ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, ‘सी’ म्हणजे ट्रायोड (प्लेट, ग्रिड आणि कॅथोड असलेली साधी व्हॉल्व्ह), दोन ‘सी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, आणि आकडा ८ ने सुरू झाला की नऊ पिनांचं बूड. ईसीसी८२ हे १२एयू७ चंच दुसरं नाव. अमेरिकी नावात सुरुवातीचा आकडा हीटरचं व्होल्टेज सांगतो. तुमच्या हातातल्या दोन नावांपैकी एक १२ ने सुरू होतं, दुसरं ६ ने. तिथेच थांबायचं होतं.

बदलून बघायचीच असेल तर ५८१४ए बघा, ती १२एयू७ चीच औद्योगिक बहीण आहे. फक्त ऐकून तुलना करताना दोन्ही वेळा आवाजाची पातळी मीटरने जुळवून घ्या. जरा मोठा वाजणारा नेहमी ‘मोकळा’ वाटतो. माझ्या कानांनी मला यात इतक्यांदा फसवलंय, की आता मी कोणती व्हॉल्व्ह बसवली ते दुसऱ्याला लपवायला सांगते. तेव्हापासून माझी मतं फार कमी झाली आहेत.

‘अ‍ॅम्प्लिफायर बांधून झाला, पण गाण्यामागे सारखा घूंऽऽ येतो. व्हॉल्यूम शून्य केला तरी तेवढाच. व्हॉल्यूमच्या दांड्याला बोट लावलं की थोडा कमी होतो. हीटरच्या तारा पीळ देऊन घातल्या आहेत. जोडणीचं चित्र सोबत पाठवतो.’ – गुणगुण्या

चित्र पाठवलंत हे फार चांगलं केलंत. बाकीच्या ‘घूं’वाल्यांनी पाठवलं नाही, त्यांनी हे उत्तर वाचून आपापलं चित्र काढावं.

आधी कान. ५० हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्यावर दोन प्रकारचे आवाज येतात. ५० हर्ट्‌झचा घूं मऊ, खोल, लांबवर मोटार चालू असल्यासारखा. तो हीटरकडून येतो किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून. १०० हर्ट्‌झचा दात असलेला असतो, घर्रर्र. तो एचटीच्या पुरवठ्यातून किंवा चुकीच्या ग्राउंडमधून येतो, कारण रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) दर सेकंदाला शंभर वेळा कंडेन्सर भरतो. दोन्हीतला फरक कळत नसेल तर फोनवर ५० आणि १०० हर्ट्‌झचे सूर वाजवून कान जुळवा.

तुमचा घूं व्हॉल्यूमने बदलत नाही. म्हणजे तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे शिरतोय. गाणं देणारं यंत्र, त्याची वायर, सगळे निर्दोष सुटले. दांड्याला बोट लावून कमी होतो, म्हणजे पॉटचं, व्हॉल्यूम कंट्रोलचं, धातूचं शरीर कुठेच जोडलेलं नाही आणि ते अँटेना होऊन बसलंय. तुमच्या चित्रात ते चॅसीला (धातूच्या पेटीला) टेकलेलं दाखवलंय, आणि तुम्ही लिहिलंय ‘चॅसीला काळा रंग दिला आहे’. तोच रंग आड आला. नट काढा, भोकाच्या आतल्या बाजूचा रंग बोटाच्या नखाएवढा खरवडा, चकचकीत धातू दिसू द्या, दातेरी वॉशर घाला आणि नट परत आवळा. मग मीटरची एक टोचणी दांड्यावर, दुसरी चॅसीच्या अर्थच्या बोल्टवर. एक ओहमच्या आत आलं पाहिजे. अर्थच्या बोल्टखालीही रंग आहे का बघा. तिथे असेल तर ती गोष्ट आवाजाची नाही, जिवाची आहे.

एवढ्याने घूं निम्मा जाईल. उरलेला चित्रातच दिसतोय. ब्रिज रेक्टिफायरचं वजा टोक तुम्ही चॅसीच्या डाव्या कोपऱ्यात बोल्टला लावलंय. पहिल्या फिल्टर कंडेन्सरचं वजा टोक उजव्या कोपऱ्यात. आणि मधोमध, दोघांच्या वाटेवर, इनपुटचं ग्राउंड. कागदावर तिन्ही ‘ग्राउंड’ आहेत, एकच खूण. पण रेक्टिफायर कंडेन्सरला सरळ धार देत नाही, दर वेळी छोट्याशा वेळात जोराचा गचका देतो. सरासरी करंट २० मिलिअँपिअर असला तरी गचका त्याच्या कितीतरी पट मोठा. तो गचका डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात चॅसीच्या पत्र्यातून धावतो, आणि पत्र्याला अगदी थोडा का होईना, रेझिस्टन्स असतोच. इनपुटचं ग्राउंड त्या वाटेवर उभं आहे, त्यामुळे ते शंभर वेळा हलतं. व्हॉल्व्हला कसं कळणार की सिग्नल हलला की जमीन हलली? ती दोन्हीतला फरक तेवढा वाढवते.

म्हणून ब्रिजचं वजा टोक सरळ पहिल्या कंडेन्सरच्या वजा पायावर न्या, जाड तारेने, मधे कुठेही न थांबता. तिथून एक तार दुसऱ्या कंडेन्सरला. दुसऱ्या कंडेन्सरच्या वजा पायावरून व्हॉल्व्हच्या कॅथोडचं, पॉटचं आणि जॅकचं ग्राउंड घ्या. आणि या सगळ्याची चॅसीशी भेट एकाच ठिकाणी, इनपुटजवळ. जॅक प्लास्टिकच्या वॉशरने चॅसीपासून वेगळा करा, नाहीतर तो गुपचूप दुसरी भेट घडवतो.

दोन कंडेन्सरच्या मध्ये तुमच्या चित्रात १०० ओहम आहे. १ किलोओहम घाला. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १०० हर्ट्‌झला १६ ओहमसारखा वागतो, त्यामुळे १ किलोओहमसोबत तो रिपलला (पुरवठ्यात उरलेल्या लाटांना) साठाव्या हिश्शावर आणतो. २० मिलिअँपिअरवर त्यात २० व्होल्ट जातील, तेवढे आधी जास्त ठेवा.

हीटरला पीळ दिलात, छान. पण पीळ दिलेली ती जोडी तुमच्या चित्रात कशालाच जोडलेली नाही, अधांतरी तरंगतेय. दोन १०० ओहमचे रेझिस्टर घ्या, हीटरच्या एकेका तारेपासून मध्ये आणा, आणि तो मधला बिंदू ग्राउंडला. मी याहून पुढे जाऊन त्याला एचटीवरून रेझिस्टरच्या विभाजकाने ४० व्होल्टवर उचलते. आपल्या फॉलोअरचा कॅथोड ९६ व्होल्टवर असतो. हीटर जरा वर उचलला की दोघांमधलं अंतर कमी होतं आणि हीटरमधून कॅथोडकडे होणारी गळतीही गप्प बसते. तरीही हीटरवरच संशय असेल तर हीटरची वायर सोडवून तासभर ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. घूं गेला तर चोर सापडला.

हे सगळं करून काहीजणांचा घूं उरेल. माझा उरला होता. ट्रान्सफॉर्मर आउटपुटचा अ‍ॅम्प्लिफायर होता तो, तीन रात्री मी ग्राउंड उपटून परत लावत होते, फिल्टरला कंडेन्सरवर कंडेन्सर चढवले, टेबलावर कथलाचा सडा. चौथ्या रात्री कंटाळून दोन्ही व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपटल्या आणि हेडफोन चुकून कानावर राहिला. घूं तसाच! व्हॉल्व्हच नाहीत, मग वाढवतंय कोण? कोणीच नाही. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आउटपुटच्या ट्रान्सफॉर्मरशी सरळ चुंबकाच्या भाषेत बोलत होता. दोघे एकाच दिशेला तोंड करून, चार बोटांच्या अंतरावर बसवले होते मी, दिसायला सुरेख म्हणून. बंद करून, स्क्रू काढून, एकाला काटकोनात वळवलं आणि परत सुरू केलं. घूं इतका कमी झाला की मला वाटलं हेडफोनच निसटला. पत्र्याला जुनी भोकं पडली होती, ती अजून तशीच आहेत.

म्हणून चॅसीला भोकं पाडण्याआधी ट्रान्सफॉर्मर लाकडी फळीवर मांडून जागा ठरवा. भोकं पाडायचं काम सगळ्यांना आधी करावंसं वाटतं, ते सगळ्यात शेवटी करायचं.

‘माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला हा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचाय. ती नीट, चिकाटीने काम करते. परवानगी देऊ का?’ – एक आई

हा १८० व्होल्टचा, नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, हो.

आधी मला काय झालं ते सांगते. विशी उलटून गेलेली, हात सरावलेला. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, वायर भिंतीतून काढली, हात धुऊन आले, दहा मिनिटं गेली असतील. झाकण उघडून आत बोट घातलं. एचटीच्या कंडेन्सरवर बहुतेक सगळंच व्होल्टेज तसंच बसून होतं. झटक्याने फार काही केलं नाही, हाताने केलं. हात आपोआप मागे उसळला आणि चॅसीच्या न घासलेल्या कडेवर मनगटाखाली उभा चिरला. वडिलांनी पट्टी बांधली आणि एक शब्द न बोलता कंडेन्सरवर १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडून ठेवला. तो मी लावायचा विसरले होते.

तो रेझिस्टर बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करतो. एकूण २०० मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम धरले तर शंभर सेकंदांत १८० व्होल्टचे सव्वा व्होल्ट होतात. तो १ वॉटचा घ्यायचा. आणि तो आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही, दर वेळी मीटर लावून बघायचं, कारण डाख सुटला की तो नुसता शोभेला. स्क्रूड्रायव्हरने कंडेन्सर शॉर्ट करून ठिणगी पाडणारे बहाद्दर असतात. त्यापेक्षा इन्सुलेटेड क्लिपा लावलेला २.२ किलोओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर जवळ ठेवावा. चालू यंत्रात मोजताना एक हात पाठीमागे.

मुलीसाठी मात्र १२ व्होल्टचा बांधा. बंद डब्यातला तयार अडॅप्टर घ्या, मेन्सला तिचा हात लागणारच नाही. १२एयू७ चा हीटर ४ आणि ५ या पिनांवर १२.६ व्होल्टचा असतो, तो १२ व्होल्टवर व्यवस्थित चालतो. प्लेटलाही तेच १२ व्होल्ट द्यायचे. व्हॉल्व्ह एवढ्यावर उपाशीच असते, थोडासाच करंट देते, पण पुढे मॉस्फेट असेल तर पुरतं. ठोक्याच्या भुकेल्यांना सांगितलेलीच जोडणी, फक्त मॉस्फेटही १२ व्होल्टवर. याहून नीट वागणारी व्हॉल्व्ह हवी असेल तर ईसीसी८६ शोधा. ती मोटारीतल्या रेडिओंसाठी, गाडीच्या बॅटरीवरच प्लेट चालावी म्हणून बनवलेली होती.

आवाज १८० व्होल्टवाल्यासारखा स्वच्छ येणार नाही. ते तिला आधी सांगू नका. तिलाच तो कमी पडू दे, मग ती का विचारेल, आणि तेव्हा मला पत्र लिहू दे. पहिल्यांदा सुरू करताना हेडफोन कानावर नव्हे, टेबलावर.

‘१२एयू७ चा उजेड फार मंद आहे. सॉकेटच्या खाली नारिंगी एलईडी लावली तर चालेल का?’ – शोभाप्रेमी

चालेल. आवाजाला काही होत नाही, फक्त एलईडीची तार ग्रिडजवळून नेऊ नका. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अशी सुंदर नारिंगी एलईडी होती. मी अर्धा तास ‘व्हॉल्व्ह तर पेटलीय’ म्हणत बाकी सगळं तपासत बसले. हीटर तुटलेला होता.